गोळीचं वेळापत्रक : कंपवाताच्या घरात वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्या, आडव्या रेघांची. खिशातली डायरी नको, तिच्यात अर्ध्या तासाचे रकाने मावत नाहीत. पेन सुतळीनं वहीलाच बांधा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही. आणि लिहायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे. एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा दापोलीला वाहतूक नियंत्रक, म्हणजे टीसी म्हणून. कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली आणि उशीर का झाला, एवढं लिहिणं मला जमतं.

खरं तर घरात वही आधीपासून होती. दुधाच्या हिशोबाची, हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातची. तिला कंपवात (पार्किन्सन्स) असल्याचं निदान झाल्यावर एका दुपारी मी ती वही उलटी चाळत गेलो. अलीकडच्या पानांवर अक्षर मुंगीएवढं. ओळीची सुरुवात बरी, शेवटाकडे जाता जाता बारीक होत गेलेली. दोन वर्षं मागं गेलो तर तीच बाई ठसठशीत, टपोरं लिहीत होती. मधल्या काळात मी तिला एवढंच म्हणालो होतो, "चष्म्याचा नंबर तपासून घे." त्याच्याही आधी एकदा थालीपिठाची भाजणी कढईत करपली, पार ओटीवर धूर आला, आणि ही शेजारी उभी राहून परततच होती. वासच आला नाही म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो. वास जाणं आणि अक्षर आक्रसणं ही कंपवाताची जुनी चिन्हं आहेत, हात थरथरण्याच्याही आधीची, हे मला फार उशिरा कळलं. आज नववं वर्ष चालू आहे.

वहीत काय लिहायचं ते सांगतो, पण त्याआधी गोळी कुठं जाऊन काय करते ते माहीत हवं. ते माहीत नसताना मी वर्षभर नुसतं "बरी आहे", "बरी नाही" असं लिहीत होतो. त्याचा उपयोग शून्य.

दापोलीहून दाभोळला जाणारी गाडी धक्क्यापाशी थांबते. पुढं वाशिष्ठीची खाडी. गाडी पाण्यातून जात नाही. आता मोटारी चढवणारी फेरीबोट आहे, पण माझ्या उमेदीच्या काळात माणसं दाभोळला उतरून लाँचमध्ये बसायची, धोपाव्याला उतरायची आणि तिथून गुहागरची गाडी धरायची. मेंदूत असंच आहे. एका पेशीच्या लांब तंतूतून विजेचा संदेश धावत टोकापर्यंत येतो आणि थांबतो, कारण पुढं फट आहे. फट म्हणजे केवढी? साधारण वीस नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा पन्नास हजार फटी बसतील. वीज ही फट ओलांडत नाही. टोकाशी बारीक पिशव्यांमध्ये रसायन भरून ठेवलेलं असतं. संदेश आला की तिथं कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, पिशव्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर त्याच्याच मापाचे ग्राहक, म्हणजे रसायन बसायच्या खोबणी असतात. रसायन त्यांत बसलं की पलीकडे नवा परिणाम सुरू होतो. अलीकडचं टोक, फट आणि पलीकडचा काठ हे तिन्ही मिळून सिनॅप्स. काम झालं की रसायन फटीत पडून राहत नाही. बरंचसं अलीकडची पेशी परत ओढून घेते आणि पुन्हा पिशवीत भरते. काही एन्झाइमांकडून मोडीत निघतं. लाँच परत दाभोळला आणायची किंवा भंगारात काढायची, तसंच.

माझी उपमा एका ठिकाणी गळते, तेही सांगून टाकतो. लाँचमध्ये प्रवासी असतात. इथं लाँच हाच निरोप. आणि प्रत्येक लाँच पलीकडची गाडी सोडतेच असं नाही, काही लाँच गाडी रोखायलाही येतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि एकेकीचे हजारो सिनॅप्स. कुठं सोडायचं आणि कुठं रोखायचं या हिशोबावरच आपण कपातला चहा न सांडता पितो.

कंपवातात जी लाँच कमी पडते तिचं नाव डोपामिन. मेंदूच्या देठाशी एक काळसर पट्टा आहे. तिथल्या पेशींचे तंतू वर, हालचालींचा ताळमेळ बसवणाऱ्या भागात जातात आणि तिथं एकेकीच्या फांद्या लाखो सिनॅप्स करतात. या पेशी हळूहळू मरतात. अवघड बाब अशी की हात थरथरायला लागेपर्यंत वरच्या भागातलं निम्म्याहून जास्त डोपामिन आधीच गेलेलं असतं. तोवर उरलेले सिनॅप्स जादा फेऱ्या मारून वेळ निभावून नेत असतात. डेपोत चार गाड्या नादुरुस्त असल्या तरी कुशल टीसी प्रवाशांना पत्ता लागू देत नाही. सातवी बंद पडली की मग फलाटावर बोंब उठते.

हे सगळं कळलं कसं, त्यात आपल्या सर्पगंधेचा हात आहे, म्हणून दोन मिनिटं तिकडं वळतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण दाखवणारा लेख ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांची हालचाल मंद होऊ लागली, अगदी कंपवातासारखी. पुढं स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा हा डोपामिनचा कच्चा माल टोचला, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ साल. रेसर्पिन करत होतं काय, तर पिशव्या भरूच देत नव्हतं. पिशवीबाहेर राहिलेलं डोपामिन मोडीत जात होतं. धक्का शाबूत, गाडी वेळेवर, पण लाँच एकही नाही. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवातानं गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन खरंच कमी असल्याचं दाखवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे डोपाचा डोस हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांना चालतं केलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आमच्या परड्यात एक सर्पगंधा आहे. हिच्या आईनं लावलेली, सापाच्या भीतीनं. हे सगळं समजल्यापासून मी तिच्याकडे जरा दबकूनच बघतो.

आता गोळी. डोपामिन थेट देऊन भागत नाही, कारण रक्तातून मेंदूत शिरायच्या नाक्यावर त्याला सोडत नाहीत. म्हणून लेव्होडोपा, म्हणजे तोच कच्चा माल देतात, त्याला नाक्यातून वाट आहे. पण शरीर वाटेतच त्याचं डोपामिन करून टाकतं आणि मग मळमळ, उलटी. ते थांबवायला त्याच गोळीत कार्बिडोपा घातलेलं असतं. ते नाक्याबाहेरच राहतं आणि बाहेरचा कारखाना बंद ठेवतं. पट्टीवर ११० लिहिलं असेल तर बहुधा १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, १२५ असेल तर १०० आणि २५. म्हणजे आकडा मोठा म्हणून गोळी जोरकस, असं नाही. दुकानदारानं "तीच आहे हो" म्हणून दुसरी दिली तर घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

आणि वेळापत्रक ज्यामुळं कोसळतं ती गोष्ट म्हणजे मासे. डाळ, अंडी, पनीर, चिकन यांनीही तेच होतं. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात त्यांतली काही आतड्यातून आणि मेंदूच्या नाक्यातून त्याच दारानं जातात जिथनं लेव्होडोपा जातं. दार एक आणि गर्दी दोघांची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वहीतून कळलं. त्या दिवसाचं पान जसंच्या तसं देतो :

६.३० गोळी, नुसतं पाणी. ७.१० उजवा हात सैल. वेणी स्वतः घातली. ८ ते १० चालू, फुलं काढली, पोळ्या लाटल्या तीन. १०.१० उजवा अंगठा जपमाळ ओढल्यासारखा. १०.३० गोळी. ११.०५ चालू. १.४५ भाचा आला, उशिरा जेवण, सुरमई, सोलकढी, हिनं दोन तुकड्या. २.३० गोळी. ३.०० बंद. ३.३० बंद, खुर्चीतून उठवलं. ४.०० बंद. ४.१५ चालू. "आज गोळी खोटी होती का हो?"

गोळी खोटी नव्हती, सुरमई खरी होती. एक पान बघून निष्कर्ष काढू नका, मीही काढला नाही. दोन आठवडे लिहिलं. ज्या दुपारी मासे किंवा उसळ गोळीच्या आसपास, त्या दुपारी गोळी तासभर उशिरा लागलेली. डॉक्टरांना दाखवल्यावर ते म्हणाले, गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नाहीतर जेवल्यावर दीड-दोन तासांनी. मासे रात्रीच्या जेवणाला न्या, पण बंद करू नका, कंपवातात वजन आपसूकच उतरतं. कोकणातल्या बाईला दुपारी मासे नाहीत म्हणजे काय ते मी लिहीत नाही. पहिले आठ दिवस घरात अबोला होता. ज्यांचा आजार नवा आहे त्यांना बहुतेक हा त्रास जाणवत नाही, रिकाम्या पोटी मळमळत असेल तर त्यांनी एखादं साधं बिस्कीट खाऊन गोळी घेतली तरी चालतं. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपाला आतड्यातच अडवते. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

तर वहीचे रकाने असे करा. डावीकडे वेळ, अर्ध्या अर्ध्या तासाची. मग तीनच शब्द : चालू, बंद, जास्त. चालू म्हणजे ती तिची ती आहे. बंद म्हणजे अंग लाकूड, चेहरा कोरा, आवाज बसलेला. जास्त म्हणजे अंग आपोआप वळवळतं, मान डोलते, पाय हलत राहतो. लोक "जास्त"ला कंप समजतात आणि गोळी वाढवा म्हणतात. अगदी उलटं आहे. कंप बहुतेक डोपामिन कमी पडल्याचा असतो, वळवळ जास्त झाल्याची. मोबाइलवर दोन्हींचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवा, शब्दांत सांगताना घोटाळा होतोच. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात जेवण, शौच, झोप, पडणं आणि रडणं. बद्धकोष्ठ असेल तेव्हा गोळीही रेंगाळते, म्हणून शौचाची नोंद लाज न धरता करा.

पहिली चार-पाच वर्षं ही वही कंटाळवाणी होती. दिवसातून तीन गोळ्या, सगळीकडे चालू, चालू, चालू. मग भोकं पडायला लागली. मला वाटलं औषधाची सवय झाली, गुण गेला. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा परत सिनॅप्सच्या त्या पिशव्या आठवल्या. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, दीड तासात निम्मं उरतं. तरी सुरुवातीला एक गोळी सहा-सात तास पुरायची, कारण शिल्लक टोकं तिचं डोपामिन करून पिशव्यांत भरून ठेवत आणि लागेल तसं सोडत. गोदाम होतं. आता टोकंच कमी झाली, गोदाम लहान झालं. आलेला माल लगेच वाटला जातो. गोळी चढली की "जास्त", उतरली की "बंद". औषध तेच आहे, ठेवायला जागा राहिली नाही. हे समजल्यावर माझी चिडचिड निम्म्यानं कमी झाली. तोवर मी हिला म्हणायचो, "सकाळी तर चांगली चालत होतीस, आता काय झालं?" ती उत्तर द्यायची नाही. तोंडावरचे स्नायूच हलत नसताना माणूस रागावलाय की रडतोय हे दिसत नाही, आणि मी तिला हट्टी समजलो.

म्हणून या टप्प्यावर घड्याळ कडक. पंधरा मिनिटांचा उशीर पूर्वी चालायचा, आता चालत नाही. मोबाइलला गजर लावा, आठवड्याच्या खणांची डबी घ्या, आणि एक पट्टी हिच्या पर्समध्ये, एक माझ्या खिशात. मनानं डोस वाढवू नका, आणि अचानक बंद तर कधीच करू नका. एकदम थांबवल्यास ताप चढून अंग कडक होतं, जिवावर बेतू शकतं. टीसीनं वेळ लिहावी, इंजिन उघडू नये.

आता दोन चुका. एक माझी, एक दुसऱ्याची.

माझी अशी. एका नातलगानं खाजकुयलीच्या बियांची पूड आणून दिली. "आयुर्वेदात कंपवातावर हीच देतात, अपाय नाही." आयुर्वेदात देतात हे खरं आहे. कपिकच्छू म्हणतात ती हीच, कुंपणावरची, जिची शेंग अंगाला लागली की माणूस नाचतो. आणि तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, तेही खरं. म्हणूनच घोटाळा झाला. मी गोळ्या चालूच ठेवून वर सकाळ-संध्याकाळ चमचाभर पूड दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ही पलंगावर अशी वळवळत होती की तिला धरून बसावं लागलं. चमच्यात लेव्होडोपा किती, कोण मोजणार? पूड द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. नैसर्गिक आहे म्हणून सिनॅप्स काही सूट देत नाही.

दुसरी. उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात नेलं. तिथं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. साधं, रोज शेकड्यांनी दिलं जाणारं. दोन दिवस ही कुशीवरसुद्धा वळू शकली नाही. ते औषध डोपामिनच्या ग्राहकांत जाऊन बसतं. लाँच आहेत तेवढ्याही धक्क्याला लागू देत नाही. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कुठल्याही डॉक्टरांसमोर आधी तेच पान उघडा : मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल, आणि चक्करेवर देतात त्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन. यातल्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्यानं मुळात कंपवात नसलेल्या माणसालाही तशी लक्षणं येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गॅसची नाहीतर चक्करेची गोळी एकदा वाचून बघा. उलटीसाठी डोम्पेरिडोन सहसा देतात, ते नाक्यातून आत फारसं जात नाही. पण हृदयाचा त्रास असेल तर त्यालाही विचारूनच हात लावायचा.

बाकीच्या गोळ्या भरभर. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल स्वतःच ग्राहकांवर बसतात, डोपामिनची नक्कल करतात. पण त्यांच्यापायी माणसाला जुगाराची, खरेदीची, खाण्याची ओढ लागू शकते. आमच्या ओळखीत एक सरळमार्गी गृहस्थ रात्र रात्र मोबाइलवर रमी खेळू लागले. घरच्यांना वाटलं, म्हातारचळ. गोळी बदलली, खेळ सुटला. रासाजिलिन डोपामिन मोडीत काढणाऱ्या एन्झाइमाला थोपवतं. एन्टाकॅपोननं लेव्होडोपा जास्त टिकतं आणि लघवी नारिंगी होते, घाबरू नका. ट्रायहेक्सिफेनिडिल दुसऱ्याच रसायनावर, ॲसिटिलकोलिनवर काम करतं. कंप कमी होतो, पण तोंड कोरडं पडतं आणि वय झालेल्यांना विसरायला होतं. नवल नाही, आठवणींच्या सिनॅप्सना तेच ॲसिटिलकोलिन लागतं. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल देतात ते ॲसिटिलकोलिन टिकवण्यासाठीच.

गोळीनं न सुटणारी एक गोष्ट म्हणजे पाय चिकटणं. चालता चालता पाऊल जमिनीला खिळल्यासारखं होतं. आमच्या माजघराला जुना सागवानी उंबरठा आहे, वीतभर उंच. मला भीती होती की ही तिथं पडेल, आणि सुताराला बोलवून काढायचा बेत ठरला होता. पण वही सांगत होती की ही तिथं कधीच अडत नाही. अडते ती न्हाणीघराच्या दाराशी, जिथं गुळगुळीत फरशी आहे आणि उंबरठा नाही. समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो, डोपामिनच्या भरवशावर राहत नाही. उंबरठा राहिला. न्हाणीघरासमोर मी पिवळी चिकटपट्टी आडवी लावली, एकेका पावलाच्या अंतरावर पाच पट्ट्या. आता ती त्या मोजत जाते. पट्टी नसेल तिथं मी आपला पाय तिच्या पावलापुढं आडवा धरतो आणि ती तो ओलांडते. मागून ढकलू नका, हात धरून ओढू नका. "चल ना, चल ना" म्हणू नका, त्यानं पाऊल आणखी घट्ट बसतं. थांबा, एक-दोन म्हणा, मग चला.

डॉक्टरांकडे जाताना सगळी वही नेऊन त्यांच्यापुढं टाकू नका. शेवटच्या सात दिवसांचं एक पान करा. आडवे सात दिवस, उभ्या वेळा, चालू हिरव्या पेन्सिलीनं, बंद लाल, जास्त पिवळ्या. गेल्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांनी ते पान मिनिटभर बघितलं आणि बोट ठेवलं : रोज दहाच्या सुमाराला लाल, रोज अकराला पिवळा. चार मोठ्या डोसांऐवजी पाच लहान केले. दिवसाचं एकूण औषध जवळपास तेवढंच. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर हेच पान पलंगाच्या कडेला चिकटवा आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरांना वेळा सांगा, कारण वॉर्डात गोळ्या सगळ्यांना एकदम वाटतात.

नवं वेळापत्रक कपाटाच्या दारावर आतून लावलंय. ६, ९, १२, ३, ६. जुनं मी टाकून देणार होतो, हिनं काढून घेतलं. पाठ कोरी होती. सकाळच्या गोळीनंतर, चालू असताना, ती त्यावर दुधाचा हिशोब लिहिते. "दीड लिटर", आणि रेघेच्या शेवटी पोचेपर्यंत अक्षर बारीक होतंच.